एक दिवा हो, दोन दिवे नाही

चित्रपट किंवा मालिका तबकडीवर घरी आणली की तिच्यासोबत काही जादा मजकूरही येतो. कलाकारांच्या मुलाखती, चित्रीकरणाच्या आठवणी, गाळलेली दृश्ये, जुनी छायाचित्रे असे बरेच काही त्यात असते. वेष्टनाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत त्याची यादी छापलेली असते आणि बहुतेक घरांत ती कुणी वाचत नाही. मूळ गोष्ट पाहून झाली की तबकडी पुन्हा डबीत जाते. आमच्याकडे मात्र गेली दोन वर्षे नेमके उलटे चालले आहे. ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकी विज्ञानमालिकेचे तीन संच माझ्या दादाच्या खोलीत आहेत. एक पिवळा, एक निळा आणि एक लाल. त्यांतल्या मूळ भागांपेक्षा हा जादा मजकूरच आम्ही अधिक वेळा पाहिला आहे. असे का झाले ते सांगावेसे वाटते, कारण पक्षाघातानंतर वाचा हरवलेल्या माणसाची शुश्रूषा ज्या घरांत चालू आहे, तेथे यातले काही उपयोगी पडेल.

मालिकेची ओळख थोडक्यात करून देते. 8 सप्टेंबर 1966 रोजी ती अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. तीन पर्वांत 79 भाग झाले आणि पुरेसा प्रेक्षक नाही म्हणून 1969 मध्ये ती बंद करण्यात आली. पुनःप्रक्षेपणांतून तिला खरा प्रेक्षक मिळाला. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसू लागली. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेकांना टोकदार कानांचा, भावनेपेक्षा तर्काला मान देणारा स्पॉक आठवत असेल. दादा त्या वेळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होता. रविवारची आंघोळ, चहा आणि मटार सोलण्याचे काम तो या मालिकेच्या वेळेप्रमाणे मागेपुढे करीत असे. त्याचे मन कप्तानापेक्षा यानाच्या इंजिनाची काळजी वाहणाऱ्या स्कॉटीवर जडलेले होते. यंत्र बिघडले की सगळे त्याच्या नावाने ओरडतात आणि चालू असले की कुणी विचारत नाही, हे आपल्या खात्यासारखेच आहे, असे तो म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, दादाला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. त्यामुळे उजवा हात दुबळा झाला आणि बोलणे गेले. डॉक्टरांनी या दुसऱ्या त्रासाला वाचाघात म्हटले. हा शब्द आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकला. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेची केंद्रे डाव्या बाजूस असतात. तेथे रक्तपुरवठा खंडित झाला की शब्द सापडेनासे होतात, सापडले तर भलतेच बाहेर पडतात, कधी वाचणे आणि लिहिणेही अडते. मात्र समज, स्वभाव, आवडीनिवडी, विनोदबुद्धी यांना त्याने धक्का लागतोच असे नाही. माणूस आत शाबूत असतो आणि बाहेर येण्याची वाट तेवढी बंद होते. भेटायला येणाऱ्यांना हे पटवणे फार कठीण जाते. कुणी मोठ्याने बोलतात, जणू ऐकू येत नाही. कुणी लहान मुलाशी बोलावे तसे बोलतात. कुणी दादाच्या देखत वहिनींना विचारतात, “यांना कळतं का?”

सुरुवातीच्या महिन्यांत दादाच्या तोंडी एकच शब्द उरला होता, “नाही”. चहा हवा का म्हटले तरी “नाही” आणि नको का म्हटले तरी “नाही, नाही”. वाचाघातात असे एखादे पद जिभेवर बसते आणि प्रत्येक वेळी तेच बाहेर पडते. गंमत अशी की सकाळी वहिनी रामरक्षा म्हणू लागल्या की तो काही ओळी त्यांच्यासोबत स्पष्ट म्हणत असे, आणि वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी एक-दोन-तीन सुरू करून दिले की वीसपर्यंत आकडेही म्हणत असे. पाठ असलेले, लयीत बसलेले बोलणे बऱ्याचदा शिल्लक राहते, असे त्या बाईंनी समजावले. पण “मला पाणी दे” हे रामरक्षेत नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने वडिलांसाठी हे तीन संच पाठवले, आणि ते चालावेत म्हणून सोबत एक प्लेअरही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर विभागाचा निराळा संकेत असतो आणि आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर त्या सहसा चालत नाहीत. परदेशातून अशी भेट मागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिन्ही संच 2004 साली निघालेले आहेत. वहिनींना दुपारी दोन तास विश्रांती मिळावी म्हणून सोमवार, बुधवार आणि शनिवारी मी दादापाशी बसते. त्या वेळात आम्ही ते पाहू लागलो.

मूळ भाग त्याला झेपेनात. प्रत्येक भाग सुमारे पन्नास मिनिटांचा, संवाद वेगवान इंग्रजीतले, पाठीमागे संगीत आणि स्फोट. वाचाघाताच्या माणसाला एकाच वेळी अनेक आवाज आले की शब्द वेगळे काढणे फार जड जाते. अर्ध्या भागात तो थकून डोळे मिटून घेई. एका बुधवारी मी सहज जादा तबकडी लावली. तिच्यावर दहा-वीस मिनिटांचे छोटे भाग होते. एक वयस्क माणूस खुर्चीत बसून कॅमेऱ्याकडे पाहत, आठवून आठवून बोलतो आहे; मध्येच त्याचे तरुणपणचे दृश्य येते आणि पुन्हा तोच माणूस, पांढऱ्या केसांचा. बोलणारा एकच, चेहरा समोर, विषय ओळखीचा. दादाने डोळे उघडे ठेवले. मी रिमोटचे पॉजचे बटण हाताशी ठेवी आणि दर दोन वाक्यांनंतर थांबून काय सांगितले ते मराठीत सांगे. औषधांच्या यादीत पॉजच्या बटणाला स्थान नाही, पण आमच्या घरी ते असायला हवे.

त्यातही पिवळ्या संचातील एका भागाने आमच्या घरात खरा बदल केला. भागाचे नाव ‘द मिनॅजरी’, दोन आठवड्यांत मिळून दाखवलेला, नोव्हेंबर 1966 मधला. त्याची निर्मितीकथा मला मूळ कथेइतकीच आवडते. निर्माते जीन रॉडनबेरी यांनी आधी ‘द केज’ नावाचा नमुनाभाग तयार केला होता आणि वाहिनीने तो नाकारला होता. त्यात कप्तान होता पाइक, नट जेफ्री हंटर. पुढे दुसरा नमुनाभाग झाला, कर्क हा नवा कप्तान आला आणि मालिका सुरू झाली. पण प्रक्षेपणाच्या वेगाला निर्मितीचा वेग पुरेना. तेव्हा पडून असलेला तो नाकारलेला भाग वापरायचे ठरले आणि त्याभोवती नवी गोष्ट रचण्यात आली. हंटर नव्या चित्रीकरणाला उपलब्ध नव्हते. म्हणून कथेत पाइकला भीषण अपघात झाला, चेहरा भाजला, आणि शॉन केनी या दुसऱ्या नटाला रंगभूषा करून यांत्रिक खुर्चीत बसवण्यात आले. वेळ निभावून नेण्यासाठी केलेल्या या जुळवाजुळवीला पुढे 1967 चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

त्या खुर्चीवर एक दिवा आहे. पाइकला बोलता येत नाही, हात हलवता येत नाही. दिवा एकदा लागला की हो, दोनदा लागला की नाही. एवढीच त्याची भाषा. त्याचा जुना सहकारी स्पॉक त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारे एक बेकायदा कृत्य करायला निघाला आहे, आणि पाइकला ते मान्य नाही. म्हणून दिवा सारखा दोनदा लागतो. नाही, नाही, नाही. कर्क येतो, डॉक्टर मॅकॉय येतो, सगळे कळवळून विचारतात. पण कशाला नाही, हे कुणालाच उलगडत नाही. उत्तर देणारा तयार आहे, प्रश्नच कुणाला सापडत नाही.

या भागावर संचात मायकेल आणि डेनिस ओकुडा यांची लिखित टिपणी आहे. मालिकेच्या पुढच्या पिढ्यांवर काम केलेले हे दांपत्य. पडद्याच्या तळाशी टिपणीच्या ओळी येतात आणि जातात. आवाज नाही, केवळ अक्षरे. मी थांबवून थांबवून वाचून दाखवत होते. खुर्ची दिसली आणि दिवा दोनदा लागला तेव्हा दादाने माझ्या मनगटावर डावा हात ठेवला. मग उशाशी असलेली, रात्री वीज गेली तर लागावी म्हणून ठेवलेली विजेरी उचलली, भिंतीवर रोखली आणि दोनदा लावली. मी विचारले, “दादा, थांबवू का?” विजेरी पुन्हा दोनदा लागली. “पुढे चालू ठेवू?” एकदा.

तोंडाने मात्र तो दोन्ही वेळा “नाही” म्हणत होता.

वाचोपचारतज्ज्ञ बाईंना सांगितले तेव्हा त्या आनंदल्या, पण लगेच त्यांनी पारख केली. “तुमचं आडनाव अमुक आहे का?”, “आता पावसाळा आहे का?”, “या बाई तुमच्या भगिनी आहेत का?” असे उत्तर ठाऊक असलेले दहा-बारा प्रश्न त्यांनी विचारले. वाचाघातात हो आणि नाही यांचीही अदलाबदल होऊ शकते. म्हणून अशा खुणेवर विसंबण्याआधी ती भरवशाची आहे का, हे पाहावे लागते. दादाची विजेरी भरवशाची निघाली. काही घरांत अंगठा वर-खाली करतात, काही ठिकाणी हिरवे-लाल कार्ड चालते. दादाने विजेरी निवडली, याचे श्रेय 1966 सालच्या एका लाकडी खुर्चीला किंवा ती ज्याने कुणी बनवली त्याला.

साधन मिळाले म्हणजे संवाद झाला असे मात्र नव्हे, हे पुढच्या महिन्यात कळले. एका रात्री दादाने रक्तदाबाची गोळी घेण्याचे नाकारले. विजेरी दोनदा, पुन्हा दोनदा. रात्रीचा मदतनीस म्हणाला, आजोबा हट्टाला पेटले आहेत, चमच्यात कुस्करून द्या. वहिनींनी गोळी बाजूला ठेवली आणि त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. टेलिफोनच्या तारेत दोष असला की पूर्वी दादा घरी येऊन सांगत असे : एका टोकापासून खांब खांब तपासत गेलो तर संध्याकाळ होते, मध्यावर तपासायचे, दोष अलीकडे की पलीकडे ते पाहायचे, मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. वहिनींनी प्रश्नांचे तसेच केले. दुखते आहे का? दोनदा. गोळीबद्दल आहे? एकदा. गोळी नकोच आहे? दोनदा. हीच नको आहे? एकदा. चव? दोनदा. दिसायला? एकदा. मग जुनी रिकामी पट्टी कपाटातून काढून नव्या पट्टीशेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. दुकानातून पाच मिलिग्रॅमच्या जागी त्याच औषधाची दहाची पट्टी आली होती. नाव तेच, वेष्टनाचा रंग जवळपास तोच, गोळी किंचित मोठी. घरातल्या चार धडधाकट माणसांच्या हातांतून ती गेली होती. पाहिली एकट्या दादाने.

त्या दिवसापासून घरात एक शिस्त आली. औषध आणले की जुनी पट्टी शेजारी धरून नाव, मात्रा आणि मुदत पडताळायची, आणि दादाला दाखवायची. आधी मोठ्या व्याप्तीचे प्रश्न विचारायचे : माणसाबद्दल का, वस्तूबद्दल का, शरीराबद्दल का, या खोलीतले का, बाहेरचे का, आजचे का, जुने का. एका वेळी एकच प्रश्न. उत्तरासाठी मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. टीव्ही बंद करायचा, समोर बसून विचारायचे. आणि समजले नसेल तर समजल्याचा आव आणायचा नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण थकलेल्या संध्याकाळी मान डोलावून मोकळे होण्याचा मोह फार होतो.

‘द मिनॅजरी’मधली आणखी एक गोष्ट मला त्याच सुमारास जाणवली. स्पॉकवर चालणाऱ्या लष्करी खटल्यात न्यायमंडळावर तीन जण बसतात आणि त्यांतला एक पाइक असतो. त्याला सेवेतून निवृत्त केलेले नाही, म्हणून त्याचा बसण्याचा हक्क अबाधित आहे. खुर्ची मेजाशी आणली जाते आणि खटला सुरू होतो. गावच्या जमिनीच्या वाटणीविषयी आमच्याकडे बैठक झाली तेव्हा वहिनींनी ती दादाच्या खोलीतच घ्यायला लावली. दोन तासांची बैठक पाच तास चालली. एका चुलतभावाने दोनदा घड्याळ पाहिले. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलेच नाही.

या भागाचा शेवट मात्र मला पटत नाही. एका ग्रहावरचे लोक मनात हवे ते भास निर्माण करू शकतात. पाइकला तेथे नेले जाते आणि भासात का होईना, तो पुन्हा तरुण, धडधाकट होतो. दिवा एकदा लागतो, तो राजी आहे. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला ही इच्छा समजते. रात्री दोन वाजता चादर बदलताना असा एखादा ग्रह असावा असे कुणालाही वाटेल. पण खुर्चीतल्या पाइकशी आणखी काही महिने कुणी नेटाने बोलत राहिले असते तर काय झाले असते, हे त्या कथेने आपल्याला दाखवले नाही. दादाला मी हे सांगितले. विजेरी एकदा लागली. मग थोडे थांबून दोनदा. त्याचे मत काय आहे ते मला अजून नीट कळलेले नाही.

लाल संचाच्या अखेरच्या तबकडीवर तो नाकारलेला मूळ भाग, ‘द केज’, दोन रूपांत आहे. ‘द मिनॅजरी’साठी मूळ रंगीत फीत कापण्यात आली होती. त्यामुळे कित्येक वर्षे संपूर्ण भागाची रॉडनबेरी यांच्याकडची एक कृष्णधवल प्रतच उपलब्ध होती. 1986 साली तो प्रथम व्हिडिओवर आला तेव्हा जेवढा भाग रंगीत सापडला तेवढा रंगीत आणि मधले तुकडे कृष्णधवल, असा जोडून दिला. पुढे हरवलेले रंगीत तुकडे सापडले आणि 1988 मध्ये तो पूर्ण रंगीत दाखवण्यात आला. संचात दोन्ही आहेत. दादाला ठिगळांचे रूपच आवडते. चालता चालता रंग जातो, माणसे करडी होतात, कथा तशीच पुढे चालते, मग रंग परत येतो. त्या काळात त्याचे स्वतःचे बोलणेही साधारण असेच होते. रामरक्षेच्या ओळी, आकडे, एखादे अचूक आडनाव, आणि मध्ये लांब करडा पट्टा.

आता स्कॉटीविषयी. ही भूमिका करणारे जेम्स डूहन मूळचे कॅनडाचे, जन्म 1920. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या तोफखान्यात होते आणि 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरले. त्याच रात्री आपल्याच बाजूच्या एका घाबरलेल्या पहारेकऱ्याने गोळ्या झाडल्या. सहा लागल्या. चार पायात, एक छातीवर, आणि एकीने उजव्या हाताचे मधले बोट नेले. छातीवरची गोळी खिशातल्या चांदीच्या सिगारेटच्या डबीवर अडली. सिगारेटच्या डबीने कुणाचे प्राण वाचवल्याचे एवढे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांना तिने काय दिले तेही सांगायला हवे. निळ्या संचात ते आपल्या छायाचित्रकलेविषयी उत्साहाने बोलतात. 2014 मध्ये त्यांनीच जाहीर केले की फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधाचा विकार जडला आहे, सिगारेट सोडून तीस वर्षे झाली होती, आणि तरीही तो निर्णय उशिराचाच ठरला. पुढच्या फेब्रुवारीत, वयाच्या 83 व्या वर्षी ते गेले. दादाच्या झटक्यानंतरही त्याच्या एका जुन्या मित्राच्या खिशात पाकीट असे. त्याला मी तो भाग मुद्दाम दाखवला. त्याने पाकीट सोडले की नाही ते मी विचारलेले नाही.

डूहन पडद्यावर आपला उजवा हात शक्यतो झाकत. कधी पाठीमागे, कधी एखाद्या वस्तूआड. हाताच्या जवळच्या दृश्यांत कधी दुसऱ्याचा हात वापरला जाई. 79 भागांत ते तुटलेले बोट फार थोड्या ठिकाणी दिसते. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या दुसऱ्या पर्वातील भागात स्कॉटी केसाळ गोळ्यांसारखे प्राणी दोन्ही हातांत भरून आणतो, तेव्हा ते दिसते. हे मी दादाला सांगितले. आम्ही तो भाग लावला, दृश्य आले, थांबवले, मागे नेले, पुन्हा थांबवले.

येथे एक सांगायला हवे. झटक्यानंतर दादा आपला उजवा हात शालीखाली ठेवू लागला होता. पाहुणे आले की विशेषच. हात दृष्टीआड राहिला की त्याचा वापर कमी होतो, बोटे आखडतात, म्हणून तो समोर, उशीवर आधार देऊन ठेवा, असे फिजिओथेरपिस्ट पुनःपुन्हा बजावत होते. सांगून उपयोग होत नव्हता. त्या दुपारी पडदा गोठलेला, स्कॉटीचे दोन्ही हात भरलेले, आणि दादा पुढे वाकून बघत होता. मग अगदी स्पष्ट म्हणाला, “बोट.”

झटक्याला सात महिने होऊन गेले होते. रामरक्षा आणि आकडे सोडले तर “नाही” खेरीज ऐकू आलेला हा पहिला शब्द. वहिनी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी त्यांना उठवले. उजवा हात त्या दिवशी शालीबाहेर आला असे मी म्हणणार नाही. तो आला तो हळूहळू, पुढच्या पावसाळ्यात, आणि अजूनही पाहुण्यांमध्ये कधी कधी आत जातो.

लाल संचात ‘चीफ इंजिनियर्स लॉग’ हा डूहन यांच्यावरचा भाग आहे. तो दादाला दाखवावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. 2004 च्या जुलैत डूहन यांना अल्झायमर झाल्याचे जाहीर झाले, पार्किन्सनही होताच. ऑगस्टच्या अखेरीस हॉलिवुडच्या पदपथावर त्यांच्या नावाचा तारा बसवण्यात आला, आणि पुढच्या जुलैत, 85 व्या वर्षी ते वारले. दादाच्या मनातला स्कॉटी यंत्रखोलीत धावणारा होता. त्याला हा वृद्ध माणूस दाखवणे म्हणजे आरसा समोर धरण्यासारखे वाटत होते. अखेर मी त्यालाच विचारले. डूहन आता म्हातारे आहेत, आजारी आहेत, पाहायचे का? विजेरी एकदा, लगेच. पाहताना तो शांत होता. मी अधूनमधून इतर माहिती सांगत होते : स्कॉटीमुळे अभियंते झालो असे कितीतरी जणांनी डूहन यांना कळवले, मिलवॉकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने त्यांना मानद पदवी दिली, आणि त्यांच्या निरोपाच्या समारंभाला नील आर्मस्ट्राँग आले होते, ते स्वतःही अभियंतेच. आर्मस्ट्राँगचे नाव ऐकून दादाने भुवया उंचावल्या. भाग संपला तेव्हा त्याने बोटाने इशारा करून तो पुन्हा लावायला सांगितला.

आजारी माणसाला आजारी माणूस दाखवू नये, असा आपल्याकडे एक समज आहे. तो नेहमीच खरा असतो असे आता मला वाटत नाही. विचारून दाखवावे, आणि नको म्हटले तर आग्रह धरू नये. निशेल निकोल्स यांच्या बाबतीत दादाने नको म्हटले. यानावरच्या संदेशवहनाच्या अधिकारी उहुरा म्हणजे त्या. मालिका सोडायला निघालेल्या असताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवले, आणि पुढे त्यांनी नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी साद घातली, हे सारे त्याने आवडीने ऐकले. पण पुढची स्मृतिभ्रंशाची वर्षे आणि त्यांच्या देखभालीवरून न्यायालयापर्यंत गेलेला वाद मी सांगू लागले तेव्हा विजेरी दोनदा लागली. मी थांबले.

वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी मधल्या काळात एक इशारा दिला होता. हो-नाहीची सोय झाली की घरची माणसे तेवढ्यावरच भागवू लागतात, आणि रुग्णही. म्हणून प्रत्येक सत्रात काही प्रश्न असे ठेवा, की ज्यांना विजेरी पुरणार नाही. आम्ही छायाचित्रांची एक वही केली. तीत मालिकेतले चेहरे आहेत, एक्स्चेंजमधले सहकारी आहेत, घरातली माणसे आहेत. पडद्यावरच्या मुलाखतींत विचारणारा कधी “ओळखा पाहू हा कोण” असे म्हणत नाही. माणसाला बोलते करतो आणि गप्प बसतो. मीही वही उघडून ठेवते आणि परीक्षा घेत नाही. कधी अर्धा तास काहीच येत नाही. कधी “साहेब”, “केबल”, “मिरज” असे सुटे शब्द येतात. मिरजेला तो तीन वर्षे होता.

गेल्या दिवाळीत भाच्याने ब्लू-रे संच आणला. त्यातले एक प्रकरण आमच्या फार आवडीचे झाले आहे. बिली ब्लॅकबर्न हे मालिकेत मागे उभे राहणाऱ्या नटांपैकी एक. अनेक भागांत यानाच्या नियंत्रणकक्षात बसलेले दिसतात, संवाद जवळजवळ नाहीत. ते सेटवर स्वतःचा छोटा आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणत आणि मधल्या सुट्टीत चित्रण करत. त्या फिती मूक आहेत. स्पॉकचे कान लावलेला निमॉय हसतो आहे, कुणी खुर्चीत पेंगते आहे, कुणी कॅमेऱ्याला वेडावते आहे. काय बोलत आहेत ते ऐकू येत नाही आणि ते न ऐकताही सगळे कळते. त्यावर ब्लॅकबर्न यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आहेत. पहिल्यांदा आम्ही त्या ऐकल्या. आता दादा रिमोट घेतो, आवाज बंद करतो, आणि स्वतः सांगतो. डाव्या हाताने दाखवत, मध्ये अडत, पाच शब्दांतले दोन बरोबर. मी आणि वहिनी ऐकतो. “हा... स्कॉ... साहेब. इंजिन. चहा. नाही नाही, जेवण.”

गेल्या बुधवारी विजेरीचे सेल संपलेले आढळले. केव्हा संपले ते कुणालाच सांगता येईना. वहिनींनी नवे आणून खिडकीत ठेवले आहेत, घालायचे राहून गेले आहे.